विंपी किड: चौथी ते सातवीतल्या मुलग्यांच्या हातात ही पुस्तकं द्याच

चौथीपर्यंत मिळेल ते वाचणारा मुलगा पाचवी-सहावीत आला की पुस्तकाला हात लावेनासा होतो, ही तक्रार शाळेच्या गेटवर, सोसायटीत, नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळीकडे ऐकू येते आणि दरवेळी खापर मोबाइलवर फुटतं. मोबाइलचा हात आहेच त्यात, नाही असं नाही, पण मला वाटतं आपण हातात कोणती पुस्तकं देतो त्याचाही तेवढाच आहे. नेमकं या वयात आपण मुलाकडून चित्रांचं पुस्तक काढून घेतो आणि त्याच्या जागी बारीक टायपाची जाडजूड कादंबरी ठेवतो, मधे काहीच नाही. चित्रं म्हणजे लहान मुलांचं, कॉमिक म्हणजे टाइमपास, आता मोठा झालास, नीट काहीतरी वाच. माझ्या आजूबाजूला तरी मुली त्यातूनही वाचत राहतात आणि मुलगे सरळ बॅट उचलून खाली जातात. या मधल्या वयासाठी जी पुस्तकं आहेत त्यात माझ्या मते पहिला नंबर जेफ किनी यांच्या 'डायरी ऑफ अ विंपी किड'चा, आणि हा रिव्ह्यू अख्ख्या सिरीजचा आहे, एका पुस्तकाचा नाही, कारण एक वाचून कुठलाच मुलगा थांबत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्रेग हेफली नावाचा एक अमेरिकन मुलगा मिडल स्कूलमध्ये जायला लागलाय आणि तो वहीत रोजचं लिहितोय आणि सोबत चित्रं काढतोय. बस, एवढंच. घरात आई-बाबा, मोठा भाऊ रॉड्रिक जो स्वतःचा बँड घेऊन ढणाढण वाजवत असतो आणि ग्रेगला छळणं हा ज्याचा फुलटाइम जॉब आहे, धाकटा मॅनी ज्याला घरात सगळं माफ असतं, आणि राउली नावाचा अत्यंत साधा, भोळा, चांगला मित्र. पानांवर वहीसारख्या फिकट रेघा छापलेल्या, अक्षर हाताने लिहिल्यासारखं, चार-पाच ओळी झाल्या की एक चित्र, पुन्हा तीन ओळी, पुन्हा चित्र. पहिलं पुस्तक २००७च्या एप्रिलमध्ये आलं आणि २०२५मध्ये विसावं आलं. जगभरात २५ कोटींच्या वर प्रती खपल्यात आणि ६०हून जास्त भाषांमध्ये भाषांतरं झालीत, अगदी लॅटिनमध्येसुद्धा.

किनी यांची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. त्यांना वर्तमानपत्रातला व्यंगचित्रकार व्हायचं होतं. कॉलेजच्या पेपरात त्यांची स्ट्रिप चालायची पण पुढे मोठ्या पेपरांना स्ट्रिप पुरवणाऱ्या कंपन्यांनी त्यांना घेतलं नाही. आपलं ड्रॉइंग प्रोफेशनल लोकांच्या तोडीचं होत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि मग त्यांनी असा मार्ग काढला की चित्रं शाळकरी मुलानेच काढली आहेत असं दाखवायचं. १९९८ला या कल्पनेवर काम सुरू केलं, २००४पासून फनब्रेन नावाच्या मुलांच्या वेबसाइटवर रोज थोडं थोडं टाकायला लागले, आणि २००६ला न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिकवाल्यांच्या मेळाव्यात, एका संपादकांना दाखवल्यावर पुस्तक घडलं. गंमत म्हणजे त्यांच्या डोक्यात हे मोठ्यांसाठीचं पुस्तक होतं, शाळेचे दिवस आठवून हसायला म्हणून लिहिलेलं. मुलांसाठी काढू हे प्रकाशकांनी सुचवलं. मला वाटतं पुस्तकातला अर्धा गोडवा तिथूनच आलाय, कारण मुलांसाठी लिहितोय म्हणून आवाज बारीक करून, गोड गोड होऊन कुणी बोलत नाहीये. दहा वर्षांच्या मुलाला तो गोड आवाज पहिल्या पानावर ओळखू येतो आणि तो पुस्तक मिटतो.

आता मुद्द्याचं. ही पुस्तकं मुलग्यांना एवढी का आवडतात, तर लोक म्हणतात चित्रं आहेत, सोपं इंग्लिश आहे, शेंबूड-पादण्याचे जोक आहेत. तसले जोक आहेतच, पण तेवढ्यावर कोणी तेच पुस्तक सतरांदा वाचत नाही. माझ्या मते खरी गोम अशी की ग्रेग सांगतो एक आणि चित्र दाखवतं दुसरंच. ग्रेग स्वतःला फार हुशार समजतो. आपण एक दिवस श्रीमंत आणि फेमस होणार, तेव्हा लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला वेळ नसेल म्हणून आत्ता वही लिहून ठेवतोय, असं तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. मग लगेच वर्गातल्या पॉप्युलॅरिटीचा हिशोब मांडतो, की आपला नंबर यंदा बावन्नावा किंवा त्रेपन्नावा असेल, पण पुढच्या मुलाला ब्रेसेस लागणार आहेत म्हणजे आपण एक घर वर सरकू. हे तो अगदी गंभीरपणे सांगतो! आणि शेजारी चित्रात तीन केसांचा, खांदे पाडलेला, बॅग ओढत चाललेला ग्रेग दिसतो. मुलगा दोन्ही बघतो आणि त्याला कळतं की हा फेकतोय. ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं, त्याचं त्याने पकडलेलं असतं. त्यातून जे हसू येतं ना, ते साध्या जोकच्या हसण्यापेक्षा वेगळं असतं, त्यात 'मला कळलं' हा आनंद असतो.

पहिल्याच पुस्तकात ग्रेग आणि राउली तिकीट लावून घरात भुताटकीचा बंगला बनवतात तो भाग बघा. जाहिरातीत आपण थोडं जास्त लिहिलंय असं ग्रेग मान्य करतो, पण ते 'थोडं' म्हणजे किती हे कळायला पोस्टरचं चित्रच वाचावं लागतं, अक्षरन्‌अक्षर. माझा लेक एरवी धड्यातले परिच्छेद गाळून थेट प्रश्नोत्तरांवर जाणारा, पण इथे चित्रातल्या पाटीवरची बारीक अक्षरं, मागे उभ्या असलेल्या पोराचं तोंड, कुणाच्या फुग्यात काय लिहिलंय, सगळं बोट ठेवून बघतो. बोलणारा माणूस काय सांगतोय आणि खरं काय घडलंय यात फरक असू शकतो, ही वाचनातली खूप वरची गोष्ट आहे. आठवी-नववीत मराठीच्या बाई हेच शिकवायला किती घसा कोरडा करतात! इथे पाचवीतला मुलगा ते हसत हसत करतो.

आमच्याकडे सासऱ्यांचा या पुस्तकांवर राग होता. ते रिटायर्ड शिक्षक, वाचनाचे पक्के, आणि त्यांचं म्हणणं असं की अर्धं पान चित्राने खाल्लंय, याला पुस्तक कसं म्हणायचं. एक दिवस लेकच त्यांच्याशेजारी जाऊन बसला, "आजोबा, हे एकच पान वाचा ना, फक्त हे," म्हणून. ते पान रॉड्रिकच्या खोडीचं. उन्हाळ्याची सुट्टी नुकती सुरू झालीय आणि रॉड्रिक मध्यरात्री शाळेचे कपडे घालून ग्रेगला उठवतो, म्हणतो तू अख्खी सुट्टी झोपून काढलीस, आज शाळेचा पहिला दिवस. घड्याळ त्याने पुढे करून ठेवलंय, पडदे लावून घेतलेत. ग्रेग बिचारा आवरून खाली जातो आणि पहाटे तीन वाजता सिरियल खात बसतो, बाबा येऊन ओरडतात, आणि तोवर रॉड्रिक वर पांघरुणात शिरून झोपेचं सोंग घेऊन पडलेला. आजोबा वाचता वाचता थांबले आणि "अरे, आमच्या दादाने मला असंच एकदा..." करून त्यांच्या भावाची गोष्ट सुरू झाली, वाड्यातली, ती आम्ही कोणीच कधी ऐकली नव्हती. त्यानंतर ते सगळी वाचायला लागले असं काही झालं नाही, पण लेकाला "आज काय केलं रे तुझ्या त्या ग्रेगने" असं जेवताना विचारतात, आणि तो सांगतो. दोघांच्या वयात साठ वर्षांचा फरक आहे आणि बोलायला विषय मिळालाय.

आता मोठा आक्षेप. ग्रेग चांगला मुलगा नाही. तो आळशी आहे, अप्पलपोटा आहे, मित्राला वापरून घेतो, आणि पुस्तकाच्या शेवटी सुधारत वगैरे नाही. बऱ्याच आयांना हे खटकतं आणि मी समजू शकते. पहिल्या पुस्तकात एक प्रसंग आहे, ग्रेग आणि राउली शाळेच्या सेफ्टी पेट्रोलवर असतात, बालवाडीतल्या पोरांना घरी सोडायचं काम. ग्रेग काठीवर गांडूळ घेऊन त्या चिमुरड्यांच्या मागे धावतो. शेजारच्या बाई बघतात, पण ग्रेगच्या अंगात राउलीचा कोट असतो, त्यामुळे आळ राउलीवर येतो आणि त्याला पेट्रोलवरून काढतात. ग्रेगची आई त्याला म्हणते, जे योग्य वाटेल ते कर. ग्रेग रात्रभर विचार करतो आणि ठरवतो की योग्य हेच की यावेळी राउलीने टीमसाठी एवढं सोसावं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं आणि पाठोपाठ राउलीचं वाईटही वाटलं. माझ्या लेकाचंही तेच झालं, तो हसला आणि मग म्हणाला, "पण आई, राउली कसला चांगलाय ना, आणि हा किती नालायक."

मी त्याला काहीही विचारलं नव्हतं. तात्पर्य विचारलं असतं तर त्याने शाळेसारखं उत्तर दिलं असतं, 'आपण खरे बोलावे'. इथे त्याने स्वतः न्याय केला, राउलीच्या बाजूने. पुढे खरं बाहेर येतं, ग्रेगची हकालपट्टी होते आणि राउलीला उलट बढती मिळते, पण लेखक त्यावर एक वाक्यही भाषण देत नाही. माझं ठाम मत आहे की मुलं ग्रेगला आदर्श मानत नाहीत. ग्रेगमध्ये त्यांना स्वतःच्या डोक्यातले ते विचार दिसतात जे मोठ्याने बोलले तर मार बसेल, आणि असे विचार आपल्या एकट्यालाच येत नाहीत हे कळून त्यांना हलकं वाटतं. या वयात मुलगे आपल्याला भीती वाटते, लाज वाटते, मित्र तुटला तर रडू येतं हे कुणाजवळ बोलत नाहीत. ग्रेगही बोलत नाही, पण त्याच्या चित्रात ते दिसतं. ग्राउंडवर पडलेल्या त्या सडक्या चीजच्या तुकड्याची गोष्ट, ज्याला हात लागला की अख्खी शाळा तुमच्यापासून लांब पळते, ती वरवर किळसवाणी आणि विनोदी आहे, पण कोणाला गटातून बाहेर काढलं जातं आणि कसं, याबद्दल इतकं खरं मी मुलांच्या पुस्तकात क्वचित वाचलंय. आपल्याकडेही प्रत्येक शाळेत असा एखादा 'चीज टच' असतो, नाव वेगळं असतं इतकंच.

एक मात्र बघा, 'मोरॉन', 'जर्क' असे शब्द येतात, रॉड्रिक तर तोंडाने फटकळच आहे, आणि मुलं दोन दिवस तसं बोलून बघतात. आम्ही घरी सरळ सांगितलं की पुस्तकात हसायचं, आजीसमोर बोलायचं नाही. तेवढं पुरलं.

मराठी किंवा सेमी माध्यमातल्या मुलांना झेपेल का, असं मला नेहमी विचारतात. झेपतं, आणि उलट त्यांनाच जास्त उपयोग होतो. वाक्यं छोटी, रोजच्या बोलण्यातली, आणि एखादा शब्द अडला तर शेजारचं चित्र सांगून टाकतं. आमच्या मजल्यावरचा सेमी इंग्लिशवाला सहावीतला मुलगा आधी फक्त चित्रं आणि फुगे वाचायचा, मग चित्राच्या वरची एक ओळ, मग खालची, आणि आता सगळं वाचतो. डिक्शनरी त्याने उघडलेली मी पाहिली नाही. अडतं ते भाषेपाशी नाही, अमेरिकेपाशी. हॅलोविन, थँक्सगिव्हिंग, लॉकर, स्कूल टॅलेंट शो, बर्फ पडून शाळेला सुट्टी, हे सगळं नवीन असतं. पण मुलं ते यूट्यूबवर बघून आधीच शिकलेली असतात, प्रश्न आपल्याला पडतात.

कुठून सुरुवात करायची? पहिलं, लाल कव्हरवालं, तिथूनच, कारण माणसं तिथे कळतात. दुसरं निळं, 'रॉड्रिक रूल्स', माझ्या मते सिरीजमधलं सगळ्यात चांगलं, ज्याला मोठा भाऊ किंवा बहीण आहे त्याला तर घ्याच. त्यात आई मुलांना शिस्त लावायला खेळण्यातल्या नोटा 'मॉम बक्स' म्हणून वाटते आणि त्याचं पुढे जे काही होतं ते वाचून घरात बक्षीस म्हणून स्टार आणि स्टिकर वाटणाऱ्या सगळ्या आयांनी विचार करावा. तिसरं हिरवं 'द लास्ट स्ट्रॉ', यात बाबांना वाटतं मुलगा फार मऊ आहे, जरा मर्दानी व्हायला हवा, आणि ते त्याला मिलिटरी स्कूलला पाठवायच्या गोष्टी करतात. हे पुस्तक बाबांनी वाचावं अशी माझी फार इच्छा आहे, कारण ग्रेगचे बाबा वाईट नाहीत, त्यांना फक्त मुलगा कळत नाही आणि मुलाला बाबा कळत नाहीत, आणि दोघंही प्रयत्न करतात तेव्हा जास्तच गोंधळ होतो. चौथं पिवळं 'डॉग डेज' सुट्टीचं, मेमध्ये द्यायला मस्त. पाचवं जांभळं, वाढत्या वयाचं, ते सहावीनंतर दिलं तर जास्त पोचतं.

पुढची सगळी तितकीच चांगली आहेत असं मी म्हणणार नाही. साधारण आठव्या-नवव्यानंतर धागा सैल होतो, एका गमतीला दुसरी गंमत चिकटवत नेल्यासारखं वाटतं आणि ग्रेग आहे तिथेच राहतो, मोठाच होत नाही. सुरुवातीच्या पुस्तकांत ग्रेग आणि राउलीची भांडणं लागायची, आत टोचायची, नंतरच्यांत तो टोचणारा भाग कमी झालाय. २०१४चं 'द लाँग हॉल', अख्ख्या फॅमिलीची गाडीतून सहल, हे त्यात वेगळं उठून दिसतं कारण तिथे सगळे एकाच गाडीत कोंडलेले आहेत आणि कुणालाच पळता येत नाही, आणि ज्याने कोकणात जाताना मागच्या सीटवर तिघांत बसून प्रवास केलाय त्याला ते लगेच पटतं. मुलांना मात्र हा सैलपणा अजिबात जाणवत नाही हे पण सांगते. त्यांना नवीन आलं की हवंच असतं, आणि कपाटात रंगीत कण्यांची रांग पूर्ण करणं हाही मोठा आनंद असतो. जो मुलगा आजवर कुठल्या पुस्तकाची वाट बघत नव्हता तो ऑक्टोबरात नवीन विंपी किड कधी येणार विचारतो, मला ते पुरेसं आहे. पहिल्या पाचांना पाचपैकी पाच, पुढच्यांना सरसकट साडेतीन.

याच प्रकारातली बाकीचीही घरात आहेत, थोडक्यात सांगते. वय सात-आठ असेल तर आधी अँडी ग्रिफिथ्स आणि टेरी डेंटन या ऑस्ट्रेलियन जोडीची ट्रीहाउस सिरीज घ्या, २०११ला तेरा मजली झाडावरच्या घरापासून सुरू झाली आणि दर पुस्तकात तेरा मजले चढवत २०२३ला १६९व्या मजल्यावर संपली. त्यात नुसता धिंगाणा आहे, चित्रं पान सोडून बाहेर सांडतात, आणि तेराचा पाढा फुकटात पाठ होतो! डेव्ह पिल्की यांचं 'कॅप्टन अंडरपँट्स' १९९७चं, अमेरिकेत शाळा-ग्रंथालयांतून सर्वात जास्त आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षं ते पहिलं होतं. पिल्की यांना लहानपणी एडीएचडी (एका जागी लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ) आणि डिस्लेक्सिया (अक्षरं वाचताना अडचण) होता, वर्गात गडबड करतो म्हणून बाहेर पॅसेजमध्ये बसवायचे आणि तिथे बसून ते चित्रं काढायचे. वर्गाबाहेर उभ्या राहणाऱ्या मुलासाठी मला तरी या माणसाबद्दल प्रेम वाटतं. ज्याला अक्षरांची खरोखर अडचण आहे त्याला विंपी किडच्या आधी पिल्कींची 'डॉग मॅन' द्या, ती पूर्ण कॉमिक आहेत. इंग्लंडच्या लिझ पिशॉन यांचं 'टॉम गेट्स' चित्रांच्या नक्षीने भरलेलं, स्वभावाने ग्रेगपेक्षा प्रेमळ, ज्या घरात ग्रेग चालणारच नाही तिथे ते चालेल. आणि मुली विंपी किड वाचत नाहीत असं बिलकुल नाही, माझी भाची लेकाच्या आधी सगळी वाचून बसलीय.

'बिग नेट' मात्र वेगळं सांगायला हवं. लिंकन पीअर्स यांची ही मुळात पेपरातली स्ट्रिप, १९९१ला सुरू झाली, पुस्तकं २०१०पासून. किनी कॉलेजात असताना पीअर्सना पत्र लिहायचे आणि पीअर्स उत्तर द्यायचे, म्हणजे या स्ट्रिपमधला मुलगा नेट हा एका अर्थी ग्रेगचा मोठा भाऊ. आणि १९९१ हे साल वाचून मला एकदम आपला चिंटू आठवला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा, तोही 'सकाळ'मध्ये १९९१लाच सुरू झाला. आमच्या पिढीने पेपर उलटा उघडून आधी चिंटू वाचला, त्यातही चित्र आणि शब्द मिळूनच विनोद व्हायचा, शब्द झाकले तर काही नाही आणि चित्र झाकलं तरी काही नाही. म्हणजे हे आपल्याला परकं नाही. तिकडे नेटला पुढे दोनशे पानी गोष्टी मिळाल्या, मुलगा स्ट्रिपवरून पुस्तकावर गेला, ती पायरी मराठीत कुणीतरी बांधायला हवी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडचा फास्टर फेणे मला जीव की प्राण आहे, लेकालाही मी वाचून दाखवलाय, पण बन्या शूर आहे, चपळ आहे, चोर पकडतो. जो मुलगा रिलेच्या टीममध्ये शेवटी निवडला जातो, गणपतीच्या स्टेजवर ओळ विसरतो, क्लासची टेस्ट लपवतो, घरात मोठ्या ताईशी तुलना ऐकतो, त्याची हाताने लिहिलेल्या अक्षरातली, रेघांच्या वहीतली, अर्धी चित्रांची मराठी पुस्तकं हवीत. चित्रकार आपल्याकडे एकसे एक आहेत. फक्त चित्रकाराला लेखकाच्या बरोबरीने बसवावं लागेल, मजकूर आधी छापून मग उरलेल्या जागेत चित्र अशाने ते होणार नाही.

खरेदीबद्दल एक कळकळीची सूचना. सिग्नलवर, फूटपाथवर आणि ऑनलाइनही काही विक्रेत्यांकडे याचे स्वस्त सेट मिळतात ते पायरेटेड असतात. आम्हाला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून असाच सेट आला, फोटोत ओरिजिनल आणि बॉक्समध्ये हे. पानांवरच्या रेघा कुठे गायब कुठे काळ्या ढुस्स, चित्रातल्या बारीक अक्षरांचा चिखल, एका पुस्तकात सोळा पानं उलटी लावलेली. साध्या कादंबरीची खराब प्रत निदान वाचता तरी येते, इथे जोकच चित्रातल्या त्या बारीक पाटीवर असतो, ती वाचता आली नाही की मुलाला कळत नाही हसायचं कशाला आणि तो म्हणतो बोअर आहे. आम्ही परत केला, पैसे मिळाले पण महिनाभर मेल लिहून. घेताना पानाचा फोटो मागा, रेघा फिकट करड्या आणि सलग असायला हव्यात, चित्रातल्या फुग्यांतली अक्षरं स्वच्छ हवीत. किंडलवर मी घेणार नाही, छोट्या स्क्रीनवर चित्र आणि त्याच्या वरची ओळ वेगवेगळ्या पानांवर गेली की मजा गेली.

पैशांचं म्हणाल तर एक पुस्तक मुलगा दोन दिवसांत संपवतो म्हणून महाग वाटतं, पण ते तो पुन्हा पुन्हा वाचतो, जेवताना, बाथरूमच्या बाहेर, झोपायच्या आधी, आणि मित्रांत फिरतात ती वेगळी. आमच्या सोसायटीत चार घरांनी मिळून वाटून घेतलीत, एकाकडे एक ते पाच, दुसऱ्याकडे सहा ते दहा असं. ज्याच्याकडे 'रॉड्रिक रूल्स' असेल त्याच्याकडे नंबर लागलेले असतात, तेवढं एक प्रत्येकाने आपापलं घ्या.